किती सी. सी.?

माणसाची किंमत आकड्यात विचारण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. शाळेत ‘कितवा नंबर?’, दहावीला ‘किती टक्के?’, नोकरी लागली की ‘हातात किती पडतात?’ आणि लग्न ठरले की ‘किती तोळे?’ गेल्या काही वर्षांत या मालिकेत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. महाविद्यालयाच्या फाटकाजवळ लिंबाखाली मोटारसायकली उभ्या असतात. कोणी नवी गाडी घेऊन आला की भोवती कोंडाळे जमते आणि रंग, किंमत, इतकेच काय पण मालकाचे नावही न विचारता पहिला प्रश्न येतो, ‘किती सी. सी.?’

उत्तर शंभर असेल तर विचारणारा ‘बरं’ म्हणून घड्याळाकडे पाहतो. दीडशे-दोनशे असेल तर मान डोलावतो. चारशेच्या घरातले असेल तर गाडीला एक प्रदक्षिणा घालतो! देवळातल्या देवाला जो मान मिळत नाही तो या तीन अंकी आकड्याला मिळतो. वास्तविक हा आकडा कशाचा, हे त्या कोंडाळ्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसते. आम्ही तर पडलो कला शाखेचे. भूमितीशी आमचा काडीमोड दहावीलाच झालेला.

यंदा मात्र या आकड्याशी माझी गाठ पडली. माझे गाव गगनबावडा रस्त्यावर, कळ्याच्या अलीकडे. तिथून कोल्हापुरात कॉलेज बावीस किलोमीटर. दीड वर्ष मी ते अंतर एस. टी.च्या दांडीला लोंबकळून काढले. यंदा उसाचे बिल बरे आले. एका रात्री जेवताना आण्णा ताटाकडे बघतच म्हणाले, “गाडी बघून ठेव. आकडा नीट काढून आन.” एवढे बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. आमच्या घरी मोठे निर्णय असेच, भाकरी मोडता मोडता होतात.

मला हवी होती ती ऐटदार गाडी. फुगीर टाकी, पुढे झुकलेले हँडल, खर्जातला आवाज. मी तीन कोटेशने आणली. एक एकशे साठ सी. सी.चे, दुसरे दोनशेचे आणि तिसरे चारशेच्या घरातल्या गाडीचे. पहिल्या आणि तिसऱ्या कागदात दीड लाखाहून जास्त फरक होता. मन अर्थातच तिसऱ्या कागदापाशी घुटमळत होते.

धाकट्या काकांची आर. एक्स. १०० आहे. यामाहाची ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघाली आणि कोल्हापुरात तिच्यावर लोकांचा जीव अजून आहे. त्याच सुमारास तिचे काम निघाले, म्हणून मी काकांबरोबर शिवाजी उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो. उद्यमनगर म्हणजे लोखंडाची पेठ. लेथचा आवाज आणि कुलंटचा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. मिस्त्रींनी इंजिन खोलून मोकळे झालेले सिलिंडर माझ्या हातात दिले.

“ह्यो गलास बघ. ह्यात पिस्टन खाली-वर हुतोय. खालनं वर जाताना जेवढी जागा झाडून घेतोय, तेवढं त्येचं सी. सी. बास. बाकी सगळं बोलायचं.”

मी वहीच्या मागच्या पानावर गणित केले. या गाडीचा मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, पाच सेंटिमीटर आणि पिस्टनची धावही पाच सेंटिमीटर. त्रिज्या अडीच, तिचा वर्ग सव्वासहा, त्याला ३.१४ ने आणि मग पाचाने गुणले की येतात ९८ घन सेंटिमीटर. हेच ते सी. सी.! नावात शंभर असले तरी माप अठ्ठ्याण्णवच. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की हा नावाचा मोठेपणा सगळीकडेच आहे. २००१ साली आलेली पहिली पल्सर १५० वास्तविक १४३.९ सी. सी.ची होती आणि २०१३ साली आलेली ड्यूक ३९० ही ३७३.२ सी. सी.ची. आपणही ५८ टक्क्यांना ‘साठच्या आसपास’ म्हणतोच की!

गंमत पुढेच आहे. सिलिंडर झिजले की मिस्त्री ते आतून किंचित मोठे काततात आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. काकांच्या गाडीला यंदा अर्ध्या मिलिमीटरचा ‘बोअर’ मारला. पुन्हा गणित केले तर उत्तर आले शंभरपेक्षा किंचित जास्त. म्हणजे जन्मभर नावापुरती शंभराची असलेली ही गाडी म्हातारपणी, झिजून झिजून, खरी शंभराची झाली. माणसांतही असे काही लोक मी पाहिले आहेत.

“मिस्त्री, मग जास्त सी. सी. म्हणजे जास्त ताकद ना?” मी विचारले.

“गलास मोठा म्हणून पानी ग्वाड लागतंय व्हय?” मिस्त्री म्हणाले.

हे उत्तर मी पुढे आकड्यांवर तपासून पाहिले. जुनी बुलेट ३४६ सी. सी.ची, तिची ताकद सुमारे १८ अश्वशक्ती. १९८३ साली एस्कॉर्ट्सने आणलेली राजदूत ३५० ही ३४७ सी. सी.ची, तिच्या पहिल्या रूपाची ताकद साडेतीस अश्वशक्ती. आणि ती ३७३ सी. सी.ची ड्यूक ४३ अश्वशक्तीची. पेला जवळपास तेवढाच, पण तो मिनिटाला किती वेळा भरतो नि रिकामा होतो, यावर सगळे अवलंबून. उलट बाजूने पाहा. आर-१५ चे इंजिन १५५ सी. सी.चे आणि हल्लीच्या क्लासिक ३५० चे ३४९ सी. सी.चे. पहिली सुमारे १८ अश्वशक्ती देते, दुसरी सुमारे २०. निम्म्याहून लहान इंजिन ताकदीत जवळजवळ बरोबरीला येते!

मग मोठ्या इंजिनाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आर-१५ ची ती ताकद मिनिटाला १०,००० फेरे झाल्यावर हाती येते. क्लासिकची त्याच्या बऱ्याच अलीकडे, ६,१०० फेऱ्यांना. चाक फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो पहिलीचा १४ न्यूटन-मीटरच्या थोडा वर, तर दुसरीचा २७. आणि तोही ४,००० फेऱ्यांनाच. एक वरच्या पट्टीत गाते, दुसरी खर्जात. करूळच्या घाटात मागे माणूस बसवून चढताना लहान इंजिनाला गिअर उतरवून ओरडावे लागते. मोठे इंजिन न बोलता चढते.

म्हणजे खेळकर गाडी निवडताना प्रश्न ‘किती सी. सी.?’ एवढाच उरत नाही. ही ताकद कोणत्या वेगाला हवी, कोणत्या रस्त्यावर हवी आणि गाडीवर किती माणसे बसणार, हे त्याच्या मागचे प्रश्न आहेत. ते आपल्याला कोणी विचारत नाही.

आपल्या देशात तर हे प्रश्न सरकारही विचारत नाही. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी १२५ सी. सी.पर्यंतचीच मोटारसायकल चालवता येते. एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची. कोणतीही हवी असेल तर थेट परवान्यासाठी चोविसावे वर्ष लागावे लागते. जपानमध्ये साधा परवाना ४०० सी. सी.ला थांबतो, त्याच्या वर वेगळी परीक्षा. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाली, आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवली की एकच परवाना मिळतो. तो शंभरालाही चालतो आणि हजारालाही! तिकडे जे कायदा ठरवतो, ते इकडे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने स्वतः ठरवायचे असते, तेही लिंबाखालच्या कोंडाळ्याच्या साक्षीने.

सरकारला सी. सी.शी कर्तव्य असते ते पैशापुरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी. सी.पर्यंतच्या मोटारसायकलीवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. विम्याचेही तसेच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे त्रयस्थ व्यक्तीच्या विम्याचा वार्षिक हप्ता ७५ च्या वर १५० सी. सी.पर्यंत ७१४ रुपये, ३५० पर्यंत १,३६६ आणि त्याच्या वर २,८०४ रुपये. पेट्रोलचे गणित मी वेगळे केले. रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ११०० किलोमीटर. एकशे साठची गाडी लिटरला पंचेचाळीस देते असे धरले आणि चारशेच्या घरातली अठ्ठावीस, तर महिन्याला पंधरा लिटरचा फरक पडतो. आमच्याकडे लिटरला शंभराच्या वर मोजावे लागतात. हे दर महिन्याचे दीड हजार कोण देणार, याचे उत्तर मला ठाऊक होते. कोटेशनावर मात्र ते छापलेले नव्हते.

आपल्या देशातला सी. सी.चा इतिहास हा खरे म्हणजे पेट्रोलच्या खर्चाचा इतिहास आहे. राजदूत ३५० तोऱ्यात आली. तिची तहान लोकांना सोसेना, म्हणून पुढे ताकद कमी करून २७ अश्वशक्तीची आवृत्ती काढावी लागली. १९८५ साली हिरो होंडाची सी. डी. १०० आली ती काटकसरीचा झेंडा घेऊन, आणि पुढची कित्येक वर्षे देश शंभर सी. सी.वर सुखाने फिरला. २००१ च्या पल्सरने दीडशेची गोडी लावली. २००८ साली आर-१५ आली, २०१२ साली चाकणला बनलेली ड्यूक २०० आणि वर्षभराने तिची थोरली बहीण. आज आपल्या पुढ्यात पेल्यांची रांग मांडलेली आहे. तहान मात्र आपण आपली ओळखायची आहे.

आता रस्त्याविषयी. आमचा रस्ता वर्षातले चार-पाच महिने उसाचा असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर डोकावणारी मोळी, वाटेत सांडलेली कांडकी, आणि अंधारात मागचा दिवा नसणे हे तर ठरलेलेच. आमच्या थांब्यावर दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या वाढदिवसाचा फलक लागला होता. गाडीवर बसून, काळा चष्मा लावून हसणारा. चार महिन्यांनी त्याच जागी त्याचा दुसरा फलक लागला. फोटो तोच, खालची अक्षरे तेवढी बदललेली. घरच्यांना त्याचा दुसरा चांगला फोटो सापडला नसावा. रस्त्याकडेला उभी असलेली ट्रॉली त्याला दिसली नव्हती. त्याची गाडी सव्वाशे सी. सी.चीच होती. म्हणून मी असे म्हणणार नाही, की लहान इंजिन माणसाला वाचवते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यांतल्या बहुतेकांच्या गाड्या अगदी साध्या असणार, कारण आपल्या देशात बहुतेक गाड्या साध्याच आहेत.

पण वेगाचे एक गणित आहे, ते कोणत्याही इंजिनाला चुकत नाही. ताशी ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. १०० ला २८. धोका दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर पहिल्या गाडीचे १४ मीटर संपतात, दुसरीचे २८. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लागले तरी पहिलीला थांबायला साधारण १४ मीटर लागतात आणि दुसरीला त्याच्या चौपट, ५६. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. म्हणजे एक २८ मीटरवर थांबते, दुसरी ८४ वर. आणि खाली पाडलेल्या दिव्याला रात्री दिसते किती? तीस-चाळीस मीटर. एकशे साठची गाडीही शंभर गाठते, पण तिला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चालवणाऱ्याला निदान एकदा विचार करायला सवड मिळते. मोठ्या इंजिनाला ही सवड नसते. मनगट जरा वळले की शंभर. ज्यांचे मनगट तयार आहे त्यांनी ती गाडी जरूर चालवावी. मोकळ्या चौपदरी रस्त्यावर, लांबच्या पल्ल्याला तिच्यासारखे सुख नसेल. माझा रस्ता मात्र बावीस किलोमीटरचा, उसातून जाणारा आणि संध्याकाळी साडेसहाला अंधारणारा.

माणसांचे गणित आईने सोडवले. महिन्यातून एकदा तिला गुडघ्यांसाठी कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यावे लागते. मी तिला शोरूममध्ये घेऊन गेलो. चारशेच्या घरातल्या गाडीची मागची सीट वेगळी, हातभर उंच आणि वहीएवढी रुंद. आईने पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला, आणि पुन्हा खाली उतरून मला म्हणाली, “ह्येच्यावर बसायचं का चढायचं रं?” शोरूममधला मुलगा हसला, आईही हसली. मी हसलो नाही, कारण तिचा डावा गुडघा मी पाहत होतो. मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी हवे आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक झाकलेले हवे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमात लिहिले आहे. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कोणाची तरी आईच असावी.

त्या रात्री मी वजनांचा हिशेब मांडला. आर. एक्स. १०० ही शंभर किलोच्या आसपास आणि ११ अश्वशक्तीची; क्लासिक ३५० ही १९५ किलोची आणि २० अश्वशक्तीची. रिकाम्या गाड्या पाहिल्या तर दोन्हीकडे एका अश्वशक्तीच्या वाट्याला नऊ-दहा किलोच येतात. पण मी आणि आई मिळून १२० किलो बसलो, की पहिलीत हा वाटा वीस किलोवर जातो आणि दुसरीत सोळावर थांबतो. लहान गाडीला माणूस लगेच जाणवतो. मग एकशे साठची गाडी धरली. ती दीडशे किलोच्या आत, सोळा अश्वशक्तीची. आम्ही दोघे बसल्यावर वाटा साडेसोळा-सतरा किलो. आईला घेऊन जायला एवढे पुरेसे होते. एकट्याने जाताना तर ऐट करण्याइतके शिल्लक होते!

राहिले आण्णा. सकाळी मी त्यांच्यापुढे तिन्ही कागद ठेवले. त्यांनी शेवटचे आकडे तेवढे पाहिले आणि पहिल्या-तिसऱ्यातला फरक तोंडानेच काढला. मग म्हणाले, “एवढ्यात वरच्या माळाला बोअर हुतोय.” त्यात टोमणा नव्हता, ते मोठ्याने हिशेब करत होते. माळाचे एकरभर रान आजवर पावसाच्या भरवशावर आहे. मला हसू आले. आठ दिवस मी बोअर, बोअर म्हणून पिस्टनचा व्यास घोकत होतो आणि आण्णा त्याच शब्दाने जमिनीतले पाणी शोधत होते. वर्गात आमच्या सरांनी संधी-खर्च शिकवला होता, की एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी उत्तम गोष्ट आपण सोडतो, तोच त्या निवडीचा खरा खर्च. परीक्षेत मी त्यावर आठपैकी सहा गुण मिळवले होते. उरलेले दोन त्या सकाळी ओसरीवर मिळाले.

आण्णांनी कोणता कागद घे हे सांगितले नाही. मीच पहिला कागद उचलला. ‘मन मारले’ असे मात्र कोणी समजू नये. गाडी लाल आहे, टाकी फुगीर आहे, आवाजही बऱ्यापैकी खर्जातला आहे. सीट मात्र सलग आहे, मागे धरायला दांडी आहे आणि डाव्या बाजूला साडीगार्ड आहे. लिंबाखाली प्रश्न आला तेव्हा मी ‘एकशे साठ’ म्हणालो. विचारणाऱ्याने मान डोलावली, प्रदक्षिणा काही घातली नाही. एवढे नुकसान सोसण्यासारखे आहे.

आण्णांची स्वतःची गाडी म्हणजे बजाजची एम-८०. इंजिन जेमतेम पंचाहत्तर सी. सी.चे. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून ती वर्षानुवर्षे पहाटे डेअरीला गेली. माझी फी, ताईचे लग्न आणि घरावरची कौले तिच्यावरूनच आली. तिला कोणी कधी ‘किती सी. सी.?’ असे विचारल्याचे मला आठवत नाही.

नव्या गाडीची पूजा झाली, नारळ फुटला. आण्णांनी एकदा पुढून, एकदा मागून गाडी नीट न्याहाळली. सी. सी. विचारले नाहीत, ॲव्हरेजही विचारले नाही. मागच्या दांडीवर हात ठेवून एवढेच म्हणाले, “कॅन कुठं अडकवायची?”

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी उद्यमनगरात गेलो आणि मिस्त्रींकडून दोन हूक जोडून घेतले. माळावरचा बोअर मे महिन्यात मारायचा ठरला आहे.